चार गल्ल्या आणि चौदावा मजला

मैलापूर, चेन्नई
रविवार, ८ जून २०२५

ताई,

“मराठी ना? मग रायरच की तुम्ही,” असं सरोजा मामी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या. एकोणीस वर्षं झाली. मी मान हलवली होती.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. इथे तंजावरकडची जुनी मराठी ब्राह्मण घराणी आहेत, दोन-तीनशे वर्षं इथेच मुरलेली. त्यांना रायर म्हणतात. मराठी बोलते म्हणजे रायर, रायर म्हणजे मासळीला न शिवणारी, म्हणजे वरचा मजला हिला द्यायला हरकत नाही, एवढा विचार मामींनी दोन पायऱ्या चढता चढता केला. तोवर मी अकरा घरं पाहिली होती. अकराही ठिकाणी आधी नाव आणि मग ताटात काय असतं ते विचारलं गेलं होतं. देवगडच्या बंदरावर वाढलेली, बांगड्याच्या डोक्यावरून तुझ्याशी भांडणारी मी, एकदा मान हलवून रायर झाले.

तुला फोन करायचा तर तो वहिनीच्या हातातून येतो आणि ती शेजारी उभी राहून ऐकते. पत्र मात्र तुलाच मिळेल. पोस्टमन अजून तुझ्याकडेच पँटी आखूड करून घेतो ना?

तू इथे आलीस आणि चौथ्या दिवशी निघून गेलीस, त्याला आता सहा वर्षं झाली. का गेलीस ते आपल्या दोघींना माहीत आहे, त्यामुळे इथे लिहायचं कारण नाही.

कामाचं लिहिते. मामींच्या मुलाने घर बिल्डरला दिलं. तो अमेरिकेत बसून सही करतो आणि इथे भिंती पडतात. मला सोळा जुलैच्या आत घर सोडायचं आहे, कारण सतरापासून आडी महिना लागतो आणि त्या महिन्यात इथे कुणी घर बदलत नाही. त्यातच आमचं ऑफिस पेरुंगुडीहून उचलून सिरुसेरीला नेलं. मैलापुराहून तिथे जायला दीड तास लागतो. मेट्रोसाठी खणून ठेवलेल्या रस्त्यांवर पाऊस पडला तर किती, ते कुणी सांगत नाही. म्हणजे एक तर याच भागात दुसरं घर शोधायचं, नाहीतर सिरुसेरीच्या त्या काचेच्या डब्यांपैकी एकात जाऊन राहायचं. सिरुसेरीला माणसं राहत नाहीत, ठेवलेली असतात, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. आता तेच सगळे मला कधी जाणार म्हणून विचारतात.

वहिनीचा मेसेज आला होता. मागच्या खोलीत पर्यटकांसाठी होम-स्टे काढतायत म्हणे. तुझं शिलाईचं मशीन पडवीत हलवणार, आणि “ताईंची काही हरकत नाही.” पुढे तीन हसरे चेहरे. दादाने तुला विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्या घरात तुझी हरकत कधी कुणी विचारली?

मी तुला बोलवायला हे लिहीत नाहीये. तसा समज करून घेऊ नकोस.

ऊर्मी


मैलापूर
रविवार, १५ जून

ताई,

काल सिरुसेरी पाहून आले.

फाटकावरच्या माणसाने आधी माझा फोटो काढला, मग फोनवर आलेला आकडा विचारला आणि मग कुणाकडे जायचंय ते विचारलं. इमारतींना इटलीतल्या गावांची नावं आहेत. फ्लोरेन्स, व्हेरोना, सिएना. सिएनाच्या मागे दगडाची खाण आहे. फाटकाबाहेरच्या पाटीवर ‘शहरापासून फक्त पंचेचाळीस मिनिटं’ असं लिहिलंय. कुठल्या शहरापासून आणि कुठल्या साली, ते लिहिलेलं नाही. पाणी टँकरने येतं. पोहण्याचा तलाव मात्र भरलेला असतो, त्यात पोहताना कुणी दिसलं नाही. सगळे काठावर उभे राहून फोनवर बोलत होते.

माझ्या हाताखाली काम करणारी रुचिरा तिथे राहते. नागपूरची, अठ्ठावीस वर्षांची, चांगली मुलगी आहे आणि तिला कशाचंच काही वाटत नाही. समोरच्या दारात कोण राहतं विचारलं तर म्हणाली, “एक कपल आहे बहुतेक. त्यांचे बूट दिसतात.” बाजार कुठे, तर फोनमध्ये. देऊळ कुठे, तर गाडीत बसून जावं लागतं. मैलापुरात मी सकाळी दुधाला गेले तरी चार माणसं मला माझ्या तब्येतीबद्दल ऐकवतात. तिथे मेले तर बूट किती दिवस बाहेर आहेत त्यावरून कळेल.

मग तिने मोठ्या कौतुकाने फ्रीज उघडून दाखवला. प्लास्टिकच्या डब्यात सुरमईचे तुकडे, साफ केलेले, एकसारखे, वर तारीख छापलेली. “मॅडम, इथे खाण्यापिण्याचं कुणी काही विचारत नाही,” म्हणाली. खरं आहे. कुणाला कुणाचा वासच येत नाही, तर विचारणार काय?

तिच्याच इमारतीत चौदाव्या मजल्यावरचं एक घर रिकामं आहे. व्हेरोना. पाहिलं. हॉलमधून समोरच्या इमारतीचा हॉल दिसतो, म्हणजे त्यांना आपला दिसत असणार. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर एकीने बाहेर यावं लागेल. दुसरी खोली दहा बाय अकरा आहे. खिडकीकडे पाठ न करता मशीन लावलं तर उजेड डावीकडून येतो. मी हे का मोजलं ते विचारू नकोस.

मला ते घर नकोच आहे.

ऊर्मी


मैलापूर
रविवार, २२ जून

ताई,

या आठवड्यात मी सात घरं पाहिली, सगळी देवळाच्या तळ्याच्या आसपासची. धनलक्ष्मी नावाची एक दलाल बाई आहे. हेल्मेटमध्ये फोन खोचून स्कूटर चालवते, आणि मागे मी. घरमालकांशी एका कानाने बोलते, माझ्याशी दुसऱ्या. पहिल्या घरी जिना चढताना तिला सांगून टाकलं की मी मासे खाते. एकोणीस वर्षांत या भागात ते वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

ती थांबली आणि म्हणाली, “कधीपासून?”

जसं मला काहीतरी झालंय.

मग तिने मला झापलं. म्हणाली, अर्धं शहर मासे खातं, सांतोमला चला, रॉयपेट्टाला चला, संध्याकाळपर्यंत दहा घरं दाखवते, तिथे कुणी तुमच्या चुलीत डोकावत नाही. मी नको म्हटलं. मला तळ्याच्याच बाजूला हवं होतं. “मग मासे सोडा, नाहीतर गल्ली सोडा,” ती म्हणाली. “दोन्ही तोंडात धरून कसं चालेल, अक्का?”

एका दलाल बाईला जे दोन मिनिटांत दिसलं ते मी स्वतःला कधी दिसू दिलं नाही. चेन्नईत मला घर मिळत नव्हतं हे खोटं आहे. मला या चार गल्ल्यांत मिळत नव्हतं. मला ही माणसं हवी होती. पहाटे दारात रांगोळी घालणारी, डिसेंबरात गाण्यांच्या कार्यक्रमांवरून भांडणारी, नीट इस्त्रीच्या सुती साड्यांतली. त्यांच्यातली एक म्हणून त्यांनी मला हाक मारावी असं मला वाटायचं. बंदरावरच्या घराची मला लाज वाटत होती, ताई. दर शनिवारी मी रॉयपेट्टाच्या एका मेसमध्ये जाऊन मासे खायचे, लिंबू चोळून हात धुवायचे, बडीशेप चघळत बसने परत यायचे. आपल्या जेवणासाठी मी चोरासारखी बाहेर जायचे, आणि याला मी शहरात राहणं म्हणत होते.

सातही घरं नाही म्हणाली. एका मालकाने मला कॉफी दिली, माझ्या कामाची चौकशी केली, आणि नाही म्हणाला. ते जास्त लागलं.

आता तेही लिहून टाकते. नाहीतर हे पत्र मला पुढे लिहिता येणार नाही.

२०१९चा जून. शहरात पाणी नव्हतं. चार दिवसांतून एकदा लॉरी यायची आणि बायका घागरी घेऊन पळायच्या. तू दोन दिवसांचा प्रवास करून आली होतीस, पिशवीत सुके बोंबील घेऊन. मी ऑफिसात असताना तू ते भाजून कालवण केलंस, कारण मला आवडतं. मी आले तेव्हा वास जिन्यापर्यंत होता. तू तवा घासत होतीस, साठवलेल्या पाण्याने, तिसऱ्यांदा. वास जात नव्हता. मी पाण्यावरून तुला बोलले. तेवढ्यात मामी दारात आल्या, पदर तोंडाला लावून.

मी त्यांना बोलू दिलं नाही. तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, ही आमच्या गावची वेलैक्कारी आहे मामी, हिला इथलं काही कळत नाही. वेलैक्कारी म्हणजे कामवाली.

मामी गेल्या. तू तवा पालथा घातलास, हात पुसलेस. मी काहीतरी समजावायला लागले. तू म्हणालीस, “माका भाषा कळना नाय गो. पण तुझा बोट कळला.”

सकाळी तू निघालीस. मी स्टेशनवर सोडायलाही आले नाही. ऑफिसात मीटिंग आहे असं सांगितलं. मीटिंग नव्हती.

ऊर्मी


मैलापूर
रविवार, २९ जून

ताई,

घर मिळालं. याच गल्लीत, सहा घरं सोडून. सरोजा मामींनी शब्द टाकला. मालक सेतुमाधव, रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे, ऐंशीच्या घरातले. खरेखुरे रायर.

त्यांच्यासमोर जाऊन बसले. ही माणसं मराठी बोलतात, ताई, पण ती कुठल्यातरी जुन्या दप्तरातून काढल्यासारखी, वर तमिळ हेल. “बसावें,” म्हणाले. मग कोण्या गांवच्या, मग गोत्र काय, मठ कोणता. एकोणीस वर्षं मी ज्या जातीची म्हणून वावरले, त्या जातीच्या पहिल्याच माणसासमोर मी तीन प्रश्नांत उघडी पडले. मग मीच सांगितलं, मी रायर नाही. मी मासे खाते. मामींना माहीत नाही, त्यांचा दोष नाही.

म्हातारा हसला. दात नाहीत, त्यामुळे ते हसणं बराच वेळ चाललं.

“सरोजेनेंच सांगितलें मला,” म्हणाला. “बाहेर जाऊन खाते, घरांत आणीत नाही, एकोणीस वर्षें एक दिवस चुकली नाही. असा भाडेकरू मिळत नाही म्हणाली.”

मी विचारलं, माझी बहीण राहायला आली तर?

“येवो की. नियम तोच.”

तिथून मी सरळ मामींकडे आले. त्या जमिनीवर बसून गवार मोडत होत्या. कधीपासून माहीत होतं, विचारलं. पहिल्या वर्षापासून, म्हणाल्या. शनिवारी तुझ्या हाताला लिंबाचा वास येतो. रसमभात खाऊन कुणी लिंबाने हात धुतं का?

आणि माझी बहीण आली होती त्या दिवशी?

मामींनी मान वर केली नाही. त्या जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. “त्या दिवशी मी घाम पुसत वर आले होते. लॉरी आली, घागरी घेऊन खाली ये, एवढं सांगायला. तू मला तोंड उघडू दिलं नाहीस. ती कोण, मी विचारलं का? तिचं नाक तुझं, कपाळ तुझं, उभं राहणं तुझं. तुला वाटलं मला डोळे नाहीत?”

मग त्या क्षणी का बोलला नाहीत, म्हटलं.

“का बोलू? सख्ख्या बहिणीला वेलैक्कारी म्हणणारी बाई भाडेकरू म्हणून बरी असते. काही सांगितलं की ऐकते.”

असं त्या गवारीची शीर काढता काढता म्हणाल्या, रागाने नाही. मी उठून जायला हवं होतं. मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर उरलेली गवार मोडली. उठून जाण्याएवढा ताठा माझ्यात नव्हता. या घरात एकोणीस वर्षं मी मामींना फसवते आहे असं समजून त्यांना मनातल्या मनात बावळट म्हणत होते. जिन्यातून जाताना त्या माझ्याकडे पाहून हसायच्या ते काय होतं, ते मला आता कळतं.

आणि पाणी आलं होतं, ताई. त्या दिवशी खाली पाणी आलं होतं आणि आपण दोघी वर कोरड्या बसलो.

सेतुमाधव बुधवारपर्यंत उत्तर मागतायत. हवेशीर घर आहे. गच्चीतून देवळाचं गोपुर दिसतं. हो म्हटलं तर मला एकही सवय बदलावी लागणार नाही.

ऊर्मी


मैलापूर
रविवार, ६ जुलै

ताई,

सेतुमाधवांना नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. खाली दुसरी पार्टी बसलेलीच होती.

धनलक्ष्मीने कपाळाला हात लावला. या गल्ल्या सोडायच्याच होत्या तर मी सांगितलेल्या सांतोमला का नाही, म्हणाली. तिला काय सांगणार? सांतोमहून मी रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला याच चार गल्ल्यांत आले असते आणि दिवे लागलेल्या खिडक्यांखाली भिकारणीसारखी उभी राहिले असते. मी स्वतःला आता बऱ्यापैकी ओळखते. मला दीड तास लांब न्यायला हवं.

व्हेरोना घेतलं. चौदावा मजला. चौदा तारखेला सामान हलतंय. सिरुसेरीबद्दल माझं मत बदललेलं नाही, तसं कुणी समजू नये. काल किल्ली घ्यायला गेले तर लिफ्टमध्ये एका माणसाने मला ‘हॅव अ नाइस डे’ म्हणून शुभेच्छा दिल्या आणि पाचव्या मजल्यावर उतरून गेला. संध्याकाळचे सात वाजले होते. एका बाईने कुत्र्याला बाबागाडीतून फिरायला आणलं होतं. कुत्र्याला चालता येत होतं, मी पाहिलं. क्लब हाउसमध्ये ‘फिल्टर कॉफी अनुभव’ नावाचा कार्यक्रम आहे, त्याला नाव नोंदवावं लागतं. मैलापुरात असला अनुभव कोपऱ्याकोपऱ्यावर उभं राहून मिळतो आणि वर वाटी आपटून कॉफी देणारा माणूस तुमच्यावर वैतागतो. मला त्या वैतागाची आठवण येणार आहे. या लोकांना वैतागताही येत नाही, ते तक्रार नोंदवतात.

तिथे तुला काय मिळेल याबद्दल मी खोटं बोलणार नाही. तुझ्याशी बोलायला दिवसभर कुणी असणार नाही, रुचिरा सोडली तर, आणि तिची मराठी तुला टीव्हीसारखी वाटेल. वारा खूप आहे, कपडे उडतात. लिफ्ट बंद पडली तर चौदा मजले. समुद्र दिसत नाही. तो सात-आठ किलोमीटरवर आहे. कोवलमला सकाळी होड्या लागतात आणि बायका वाळूतच टोपल्या मांडून बसतात, असं कळलं. मी अजून गेले नाही. भाव करायला मला कुठे येतं? मी पहिला भाव ऐकून पिशवी उघडते आणि तू मागून माझा हात धरायचीस.

तुझ्या रागाबद्दल मी काही म्हणणार नाही. तो तुझा आहे, नीट ठेवला आहेस. दादाच्या पडवीत पाऊस आत येतो एवढं मला आठवतं आणि मशीनला गंज चढेल याची मला काळजी वाटते. बघ, तुझी काळजी वाटते असं लिहायला घेतलं आणि मशीनचं लिहिलं.

सोसायटीच्या ऑफिसात एक फॉर्म भरावा लागतो. घरात कोण कोण येणार-जाणार, त्यांची नावं. दोन रकाने आहेत. एक ‘कुटुंबीय’ आणि दुसरा ‘घरकामाला येणारे’. टेबलामागच्या पोराला मला वाटेला लावायची घाई झाली होती. मी एकटीच राहणार असं त्याने गृहीत धरून खाली रेघ मारायला घेतली, तर मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. पहिल्या रकान्यात माझ्या नावाखाली तुझं नाव लिहिलं, प्रमोदिनी, आणि नात्याच्या जागी मोठी बहीण. माझं अक्षर खराब आलं. त्याने वाचून दाखवायला सांगितलं, तर तेही दाखवलं, मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांसमोर. कुणाला काही फरक पडला नाही. तिथे कुणाला कशाने फरक पडत नाही म्हणून मी आजवर त्या जागेला नावं ठेवली.

नाव लिहून भागत नाही. ज्याचं नाव त्याचं आधार कार्ड आणि एक फोटो जोडावा लागतो, महिनाअखेरपर्यंत, नाहीतर ते नाव काढून टाकतात. माझ्याकडे तुझा असा एकही फोटो नाही, ज्यात तू अर्धी चौकटीबाहेर गेलेली नाहीस.

तू पाठवणार नाहीस. हे पत्र तू कपड्यांच्या चिंध्यांच्या पिशवीत खाली सारशील आणि पोस्टमनची पँट पुढे ओढशील. तेच मलाही योग्य वाटेल. तरीही विचारते. एसटी स्टँडसमोरच्या दुकानात जाऊन आधार कार्डाची झेरॉक्स आणि तुझा एक फोटो मला पाठवशील का?

ऊर्मी